डहाणूच्या वाळूतला झिरा

वैशाख शुद्ध ९, शके १८३४
सूर्यमाळ

कमूनं आज नागली पाखडता पाखडता सांगितलं, की पेरणीच्या आधी ती साखरशेताला भावाकडे जाणार आणि परत येणार नाही. आवाज चढवला नाही, सूप थांबवलं नाही. मी शाळेचं हजेरीपुस्तक आवरत होतो. "काय म्हणालीस?" असं विचारलं, पण ऐकू सगळं आलं होतं.

आमच्यात बाई निघाली तर निघाली. चार माणसं बसतात, बोलणं होतं, पण दावं लावून तिला कुणी परत आणत नाही. तिचा भाऊ मंगळू साधा माणूस आहे, बहिणीला भाकर नाही म्हणायचा नाही. तेव्हा ही नुसती धमकी नव्हे, एवढं मला कळतं.

मुलगी गेली त्याला वर्ष होत आलं. वर्षात माणूस सावरतं असं मी समजत होतो. मी सावरलो. तिसऱ्या दिवशी शाळा उघडली होती. कमूला मात्र दिवसेंदिवस बोलणंच नकोसं झालं आहे, निदान माझ्याशी.

शेवटी मी एक मागणं घातलं. डहाणूचे सावे मास्तर दोन वर्षं बोलावतायत. शाळेला सुट्टी आहे. आठ दिवस समुद्रावर चल, हवापालट होईल, मन रमेल. आल्यावर जायचं तर जा, मी आडवा येणार नाही. ती बराच वेळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "चल."

खरं लिहायचं तर समुद्र मलाही पाहायचा आहे. नऊ वर्षं पोरांकडून घोकून घेतोय: समुद्राचं पाणी खारट असतं, त्याला भरती-ओहोटी येते. मागच्या तपासणीला दिपोटीसाहेबांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही स्वतः पाहिलाय का समुद्र?" मी म्हणालो, "पुस्तकात पाहिलाय साहेब." साहेब हसले, त्यांचं बघून पोरंही हसली. ते हसणं अजून डाचतं.

शुद्ध ११
जव्हार

फागूच्या गाडीनं इथवर आलो. फागू आमच्याच पाड्यावरचा, तोंडानं फटकळ, बैलांना मात्र शिवी देत नाही. मी वाटेत डहाणूतल्या पाहण्यासारख्या स्थळांची यादी केली. किल्ला, बंदर, खाडीच्या तोंडावरचा दिवा, सुरूचं बन, मासळी बाजार, रेल्वेचं ठेसन. सहा झाली.

फागू म्हणाला, "मास्तर, समुद्र काय पळून जाय? यादी कशाला लिहितोस?"

मी म्हटलं, "कामाला शिस्त असावी." कमू गाडीच्या मागच्या अंगाला तोंड करून बसली होती. तिला हसू आलं की नाही, ते दिसलं नाही.

पूर्वी ती हसायची. मी ट्रेनिंग करून आलो तेव्हा तिला म्हटलं होतं, आता तू मला अहो-जाहो करत जा, मास्तरची बायको आहेस. तिनं आठ दिवस करून पाहिलं. नवव्या दिवशी "अहो, तुमचं धोतर बकरीनं खाल्लं" म्हणून सांगायला आली आणि अर्ध्यातच हसत खाली बसली. तेव्हापासून पुन्हा तू.

शुद्ध १३
डहाणू

काय लिहू? समुद्र नव्हता!

दिवस मावळायला तास-दीड तास असेल. वारा असा, की डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी धरावं लागलं. सुरूची झाडं एका अंगाला वाकलेली, गाडीच्या बैलांनीसुद्धा माना फिरवल्या. मी कमूला म्हटलं, आता डोळे मीट, मी सांगेन तेव्हा उघड. तिनं मिटले नाहीत. आम्ही बन ओलांडून पुढं आलो तर समोर काळी वाळू, चिखल, आडवे पडलेले मचवे. पाणी कुठंच नाही. लांब एक पांढरी रेघ, ती पाणी की उजेड ते ठरेना.

कमू म्हणाली, "आटला?"

आमच्याकडच्या कुणीही हेच विचारलं असतं. वैशाखात पाणी जातं ते आटूनच. आणि काय सांगू, क्षणभर मलाही वाटलं, की यंदा दुष्काळ इतका पडला की काय. मग ओहोटी आठवली. मी तिला चंद्र, पृथ्वी, आकर्षण सगळं समजावून दिलं. ती ऐकत होती, नजर त्या चिखलावर. शेवटी म्हणाली, "मंग परत येतो तो?"

"रोज येतो. दिवसातून दोनदा."

"गेलेला परत येतो," ती म्हणाली आणि वळून गाडीकडे गेली. ओहोटीचा मुद्दा तिच्या लक्षात आला याचं मला बरं वाटलं.

शुद्ध १४

सावे मास्तरांनी मागची पडवी दिली आहे. माणूस दिलदार. त्यांची बायको वेणूताई बोलकी, सारखं काही ना काही खायला पुढं करते. विहीर आहे परड्यात, पण वैशाखात पाणी मचूळ होतं म्हणे. कमू एक घोट घेते नि भांडं खाली ठेवते.

आज किल्ला पाहिला. आत सरकारी कचेरी आहे, त्यामुळे पाहण्यासारखं म्हणजे भिंती, दगड आणि एक पेंगणारा शिपाई. तरी मी बांधणीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या. कमूनं भिंतीवरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "इथल्या बायका पानी कुठून आणत?" मला ठाऊक नव्हतं. शिपायालाही नव्हतं.

मग बंदर. जव्हारच्या रानातलं लाकूड गलबतात चढत होतं. आपलं लाकूड पाहून मला फार अभिमान वाटला. कमू वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवांपाशी थांबली होती. तिथं बाळी नावाची एक मांगेल कोळीण होती, तिच्याशी ती बोलत होती. चांगली घटकाभर! माझ्याशी वर्षात एवढी बोलली नसेल. मी जवळ गेलो तशा दोघी गप्प झाल्या.

पौर्णिमा

दुपारी भरतीचं पाणी पाहिलं. मोठं आहे. पुस्तकात आवाज नसतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी घोट घेऊन पाहिलं, खारट आहे. नऊ वर्षं खरं शिकवत होतो.

आज दिवा पाहायचा होता. कमू आली नाही. सकाळी वेणूताईंनी चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं तेव्हा ती उठून बाहेर गेली, ती बनात जाऊन बसली. काल सकाळीही असंच झालं. इथल्या सुरूच्या लाकडाचा धूर तिला बाधत असावा. मी एकटाच दिवा पाहून आलो. बंद होता.

वद्य १

वारा. डोळ्यांत वाळू. यादीतली दोन स्थळं राहिली आहेत आणि दिवस तीन. ती हसलेली नाही. मला भीती वाटते आहे, ती लिहून ठेवतो.

वद्य ३

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी ओहोटी होती. कमू पडवीत नव्हती. मी शोधत समुद्रावर गेलो तर भरतीच्या रेघेच्या वरच्या अंगाला, बनाच्या कडेला, ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. झिरा खणत होती! आमच्याकडे नदी सुकली की बायका पात्रात खड्डा करतात, तळाशी पाणी पाझरतं, ते करवंटीनं हंड्यात घ्यायचं. तो झिरा, इथं, समुद्रकाठी. जाळी विणणारे दोन म्हातारे तिच्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "कमू, ऊठ. अगं, समुद्राशेजारी खणलं तर खारटच लागणार. हा भूगोल आहे."

"तू चाखलास?"

"चाखायचं काय त्यात? समजतं."

ती खणत राहिली. कोपरापर्यंत हात आत गेला तेव्हा तळाची वाळू ओली झाली, मग काळी, मग तिथं बशीएवढं पाणी जमलं. ती थांबली. गढूळ खाली बसू दिलं. करवंटी बुडवली, स्वतः प्यायली, मग माझ्यापुढे धरली.

गोड होतं. किंचित मातकट, पण गोड. मी पुन्हा प्यायलो.

बाळी हंडा घेऊन येत होती. ती हसून म्हणाली, "आम्हीपन इथूनच काढतो. कालच सांगितलं हिला. मास्तरला ठाव नव्हतं?" हंडा खाली ठेवून ती मांडवाकडे गेली, भरला की हाक मारा म्हणाली.

आता तो हंडा भरायचा. करवंटीभर पाणी काढलं की पुढची करवंटी जमेपर्यंत थांबायचं. मी उभाच होतो. कमू म्हणाली, "बस. झिऱ्यावर उभं राहत नाय कुनी." बसलो. झिऱ्यावर मी जन्मात बसलो नव्हतो. ते बायकांचं ठिकाण. घरचं पाणी कमू आणते, शाळेचं पोरी आणतात.

बऱ्याच करवंट्या झाल्या. मग ती झिऱ्यात बघतच बोलायला लागली.

"तुझी चिठ्ठी आली तवा पोरगी पानी मागत होती. जुलाबानं गळली होती. चिठ्ठीवर दरबारचा शिक्का. ती आननाऱ्या रानखात्याच्या शिपायानंच वाचून दाखवली. पानी उकळून, गाळून, थंड करून द्यायचं. नायतर देऊ नाय. घरात कळशीभर झिऱ्याचं गढूळ पानी. मी चूल पेटवली. उकळलं. गाळलं. मंग बसली."

करवंटी भरली होती. तिनं ती हंड्यात रिती केली.

"ती म्हने, आये, दे ना. मी म्हने, थांब, भाजंल. ती म्हने, दे. मी फुंकर घातली. ताटात ओतलं, पदरानं वारा घातला. ती गप झाली. मला वाटलं निजली. मी म्हटलं बरं झालं, आता निवू दे नीट. निवलं तवा तोंडाशी नेलं."

तिनं करवंटी पुन्हा झिऱ्यात टेकवली.

"नदीच्या वाळूत पुरायच्या येळी पाड्यावरच्या म्हातारीनं विचारलं, शेवटचं पानी पाजलंस ना? मी हो म्हनली. खोटं बोलली."

मला तेव्हा काय सुचावं? मी म्हणालो, "पण नियम बरोबर होता, कमू. त्या पाण्यानंच साथ पसरत होती. मी दरबारच्या कामावर जव्हारला होतो, मला दुसरं काय करता आलं असतं?"

"बरोबरच होता," ती म्हणाली. "मी कुठं म्हनते चुकला? चुकला असता तर तुझ्याशी भांडली असती. तुला नखांनी ओरबाडली असती नि मंग संसार केला असता. बरोबर माणसाचं काय करू?"

हंडा भरायला सगळी सकाळ गेली. तिनं बाळीला हाक मारली. बाळी येताच दोघींनी हंडा उचलला, मी बाजूला झालो.

वद्य ४

काल रात्री नियमाबद्दल दोन पानं लिहिली होती. साथ कशी पसरते, दरबारच्या दवाखान्यातून आलेलं पत्रक, भगताला का बोलावू नये, सगळं. आज वाचली. सगळं खरं आहे. फाडून टाकली.

वद्य ५

कमू सकाळी झिऱ्यावर, मी पडवीत. वेणूताई म्हणाल्या, आणखी चार दिवस राहा, वारा अंगाला लागला की आवडायला लागतो. मी म्हटलं, नको. यादीत रेल्वेचं ठेसन राहिलं. राहू दे.

वद्य ८
सूर्यमाळ

घरी आलो. एकटा.

जव्हार सोडल्यावर साखरशेताकडे रस्ता फुटतो तिथं फागूनं बैल थांबवले. म्हणाला, "मास्तर, कुठं वळवू?" आजवर असल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचो. आज दिलं नाही. बैलांनी शेपट्या हलवल्या, फागूनं विडी पेटवली.

कमू खाली उतरली. गाठोडं काखेत घेतलं. मला वाटलं, संपलं. मी गाडीतून उतरलो आणि मला जे वाटत होतं ते एकदाचं बोललो. म्हणालो, "तू गेलीस तर मला घर राहणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्षात पहिल्यांदा एवढा वेळ.

"पाऊस लागंपर्यंत झिऱ्यावर तू जा," ती म्हणाली. "शाळेच्या पोरींना नको धाडू. फागूच्या बायकोला नको सांगू. तू जा, रोज."

"मी? बायकांत?"

"हां."

"आणि मग येशील?"

"तू जा तर."

आणि ती साखरशेताच्या वाटेनं चालू लागली. फागूनं विडी टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, बस. घरी जाऊ." त्यानं पुढं मोखाड्यापर्यंत तोंड उघडलं नाही, ही त्याची मेहेरबानी.

ज्येष्ठ शुद्ध ३

दहा दिवस झिऱ्यावर जातो आहे. पहिल्या दिवशी मी डोक्यावर हंडा धरून उतरताना दिसलो तसा सगळा झिरा हसला. माघी म्हणाली, "मास्तरनं लुगडं नाय नेसलं." मी तोंड पाडून रांगेच्या शेवटी बसलो. आमच्याकडे मनावर घेतलं तर झाडाचं पान हललेलंही लागतं, म्हणून मी मनावर घ्यायचं नाही ठरवलं. जमलं नाही. घरी येऊन रडलो.

काल हसणं कमी झालं, आज थांबलं. त्यांच्या बोलण्यात मी आता दगडासारखा बसलेला असतो, त्या बोलतात. सगळ्यांत म्हातारी सुकरी. तिचा हंडा भरला की ती मागच्या हंड्यात पहिल्या पाच करवंट्या स्वतःच्या हातानं घालते, मग उठते. झिऱ्यावरची ती रीतच आहे. आज तिच्यामागे मी होतो. पाच करवंट्या घालून ती म्हणाली, "तुझी चैती इथं त्या कातळावर बसायची. बेंडकाशी बोलायची. बेंडकाला म्हनायची, सरक, आईला पानी घेऊ दे."

मला हे ठाऊक नव्हतं. चैती बेडकाशी बोलायची हे मला ठाऊक नव्हतं.

चैती. वर्षभरात या वहीत नाव लिहिलं नव्हतं, ते आज लिहिलं. चार वर्षांची होती. चैत्रातली म्हणून चैती.

ज्येष्ठ शुद्ध ८

मोखाड्याच्या बाजारात मंगळू भेटला. मिठाची पुडी बांधत इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "कमू इचारते, मास्तर झिऱ्यावर जातो का?"

"तू काय सांगितलंस?"

"मला काय ठाव? तुलाच इचारतो."

"जातो म्हणून सांग."

"काल तिनं लसणाच्या पाती काढल्या," मंगळू म्हणाला. "तुला आवडत्यात म्हने. मला कुठं आवडत्यात?" हे सांगायला तो परत दोन पावलं मागे आला होता.

ज्येष्ठ शुद्ध १२

चिठ्ठीतलं वाक्य मला पाठ आहे. मीच लिहिलं होतं. 'पाणी उकळून, गाळून, थंड करून द्यावे, अन्यथा देऊ नये.' एक ओळ. लिहायला घोटभर चहा संपण्याइतकासुद्धा वेळ लागला नव्हता, शिपाई दारात थांबला होता.

आज ते करून पाहायचं ठरवलं. शाळेचं घड्याळ घरी आणून चुलीजवळ ठेवलं.

झिऱ्यावर जायला पाव तास. रांगेत माझा नंबर यायला दीड तास. हंडा भरायला सव्वा तास, तेही सुकरीच्या पाच करवंट्या मिळून. चढ चढून यायला अर्धा तास, कारण वाटेत दोनदा थांबलो. चूल पेटायला वेळ लागला, मला पेटवता येत नाही. गढूळ पाणी फडक्यातून दोनदा गाळलं. उकळी यायला वीस मिनिटं. घड्याळ बघत मग आणखी उकळू दिलं, पत्रकात होतं तेवढं.

त्या दिवशी घरात कळशीभर पाणी होतं, म्हणजे झिऱ्याचा वेळ वजा करायला हवा. केला. तरी उरतो.

पातेलं खाली उतरवलं. गार पाण्यात ठेवावं म्हटलं तर त्यासाठी वेगळं पाणी नाही. ताटात ओतलं. फुंकर घातली. हजेरीपुस्तकानं वारा घातला. हात दुखला, बदलला, पुन्हा घातला. कुणी मागत नव्हतं, घरात मी एकटाच, तरी मला धीर धरवेना. मग वही घेऊन बसलो, तेवढाच वेळ जाईल म्हणून. एवढं सगळं लिहून झालं.

आत्ता बोट घालून पाहिलं. अजून गरम आहे.